झाकलेल्या नावाची खिरापत

अकोल्याला मी व्याख्यान द्यायला गेले आणि व्याख्यान न देता परत आले. आल्यापासून घरी, शेजारी, देवळात सगळ्यांनी एकच विचारलं, कसं झालं? "बरं झालं" एवढं सांगून मी प्रत्येक वेळी सटकले. मला बोलायला वेळ लागतो. लिहायला तेवढा लागत नाही, म्हणून त्या दहा दिवसांचं इथे लिहिते आहे. वऱ्हाड न पाहिलेल्यांना त्यातून थोडं वऱ्हाडही दिसेल.

माझे वडील मूळचे वऱ्हाडातले. सरकारी नोकरीमुळे ते जबलपुरात आले आणि तिथलेच झाले. मी मिशनरी शाळेत शिकले. तिथे वर्गात मराठी कुणी बोलत नसे आणि बाहेर हिंदी चाले. माझी मराठी घरातली, म्हणजे जेवण, औषध आणि रागावणं यांपुरती. शाळा सोडताना आमच्या आयरिश सिस्टरने मला एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं. दक्षिण अमेरिकेत स्पेनच्या राज्याविरुद्ध लढून पाच-सहा मुलूख मोकळे करणाऱ्या एका पुढाऱ्याचं ते चरित्र होतं. त्याच्या मदतीला समुद्र ओलांडून आयरिश शिपाई गेले, त्या प्रकरणाखाली सिस्टरने पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. पुस्तक देताना ती त्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पुढाऱ्याचं नाव मी या लेखात कुठेच लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

या चरित्रावर मी मराठीत निबंध लिहिला. वडिलांनी तो लाल शाईने तपासला आणि त्यांच्या ओळखीने अकोल्याच्या एका वाचनालयात तो वाचायचं ठरलं. त्याच सुमारास अमरावतीच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला बाई हवी असल्याचं कळलं. वडील म्हणाले, "जाऊन ये. जागा मिळाली तर माझी ना नाही. नाही मिळाली तर मग पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे एका स्थळाचा फोटो. तो टेबलाच्या खणात तीन महिने उपडा पडून होता.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलली की अमरावती पाच-सात मैलांवर. स्टेशनाबाहेर टांगे, आणि टांग्यांच्या मागे कापसाच्या गाड्यांसाठी ठेवलेली एवढी मोकळी जागा की तिच्यात आमचा अख्खा मोहल्ला बसला असता. हंगाम अजून लागला नव्हता. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या धुराड्यांतून धूर नव्हता, रिकाम्या जागेत शेळ्या चरत होत्या. टांगेवाल्याने मला कुठून आलात, कुणाच्या, कशाला आलात, लग्न झालं का, हे चारही प्रश्न पहिल्या वळणाच्या आतच विचारले. जबलपुरात टांगेवाला भाड्याशिवाय बोलत नाही. मी तीन प्रश्नांची उत्तरं दिली. चौथं त्याने स्वतःच दिलं, "नसंल झालं."

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई पन्नाशीच्या होत्या. नऊवारी, जाड चष्मा, आणि टेबलावर एकही कागद तिरपा नाही. त्यांनी माझी प्रमाणपत्रं पाहिली आणि बाजूला ठेवली. मग मराठीतून विचारलं, इतिहास कशासाठी शिकवायचा? मला उत्तर येत होतं, पण ते इंग्रजीत येत होतं. तोंडातून इंग्रजीच बाहेर पडलं, तेही अर्धंच.

बाई म्हणाल्या, "हे कागद मला वाचता येतात. मला तुम्हाला ऐकायचं आहे. माझ्या मुली इंग्रजी बोलणाऱ्या बाईला घाबरतात आणि मराठी चुकणाऱ्या बाईला हसतात. दोन्ही मला नको." वाचनालयातल्या व्याख्यानाची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होतीच. त्या आठवड्याच्या शनिवारी त्यांना अकोल्याला काम होतं, ते आटोपून त्या ऐकायला येणार होत्या. "तिथे ऐकते, मग ठरवते," म्हणाल्या.

मी नमस्कार केला आणि वळताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. बाहेर व्हरांड्यात चार मुली होत्या. त्या हसल्या नाहीत, पण किती कष्टाने हसल्या नाहीत ते मला दिसलं.

मोर्शी

माझी आत्या अकोल्यात राहते, पण तेव्हा ती मोर्शीला दिराकडे गेलेली होती. तिच्यासोबत मी अकोल्याला जायचं असं ठरलं होतं, म्हणून मोटारीने मोर्शी गाठली. आत्याचे दीर देवरावभाऊ घ्यायला दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे दोन माणसं जेमतेम मावतील अशी हलकी बैलगाडी. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. मी मोटारीतून उतरले ती सरळ काळ्या चिखलात. पाय वर आला, बूट आला नाही. देवरावभाऊंनी खाली वाकून तो दोन्ही हातांनी उपटून काढला, गवताला पुसला आणि मला परत न देता दमणीत ठेवला.

"इथं बुटाचं काम नाई," ते म्हणाले. "ही जमीन भल्ली लोभी हाय. धरलं का सोडत नाई."

संत्र्याची झाडं मी प्रथमच पाहिली. फळं अजून हिरवी होती आणि पानांत लपत होती, पण हाताला वास लागत होता. त्यापलीकडे ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, पिवळी फुलं, आणि त्याच्याही मागे सातपुड्याची निळी रेघ. जबलपूरहून आम्ही सातपुडा वेगळ्या बाजूने पाहतो. इथे तो घराच्या मागच्या भिंतीसारखा वाटला.

जेवायला भाकरी, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि तेल. चटणीत कच्चं तेल ओतून घ्यायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी चटणी कोरडीच खाल्ली आणि मला ठसका लागला. आत्या पाठ थोपटत म्हणाली, "हिच्या बापानं हिले इंग्रजी शिकवलं, तेल घ्याले नाई शिकवलं." सगळे हसले, मीही हसले. या घरात माणसाला हसतात आणि लगेच वाढतात, त्यामुळे हसण्याचं काही वाटत नाही.

संध्याकाळी देवरावभाऊंनी विचारलं, व्याख्यान कशावर? मी निबंधातलं पहिलं वाक्य म्हटलं. ते वाक्य चार ओळींचं होतं आणि त्यात 'पारतंत्र्यशृंखला' असा शब्द होता. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत राहिले. मग मी माझ्या भाषेत सांगू लागले. तो मुलूख कसा, फौज घेऊन त्याने बर्फाचे डोंगर कसे ओलांडले, मैदानातली उघड्या पायांची माणसं थंडीने कशी गळून पडली.

"बैल नेले व्हते का?" त्यांनी विचारलं.

"घोडे होते. बहुतेक वाटेतच मेले."

सुपारी कातरायची थांबली. थोड्या वेळाने त्यांनी माणसांचं विचारलं. मी सांगितलं, माणसंही. मग ते म्हणाले, "पन मले एक समजत नाई. राजा समुद्राच्या पल्याड, मुलूख अल्याड. कधी पाह्यलाही नसंल त्यानं. मंग थो राज्य कसा काय करून राह्यला व्हता?"

एवढं विचारून ते स्वतःच थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि जोरात हसले. "बरं, समजलं बाप्पा. आमचं तं त्याहून भारी हाय. कागदावर आमी निजामाचे, अंमल इंग्रजाचा, कचेरी नागपूरची. इचारलं का कोनाचे, तं आधी कोन इचारते थे पाहा लागते."

त्या रात्री मी निबंध काढून पाहिला. देवरावभाऊंनी विचारलेलं काहीच त्यात नव्हतं. घोडेही नव्हते.

अकोला, जुने शहर

आत्याचं घर मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. पुलावरून उतरलं की रस्ता अरुंद होतो आणि मग आणखी अरुंद होतो. अत्तरवाला, कासार, भाजीच्या पाट्या, मशिदीशेजारी शिंप्यांची रांग. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळावं अशा त्या गल्ल्या. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचतात आणि वाचताना मधेच "हं" म्हणतात. ते कशाला म्हणतात ते आजवर आत्यालाही कळलेलं नाही.

भाद्रपदाची पौर्णिमा होऊन गेली होती आणि गल्लीतल्या मुलींची भुलाबाई यंदा आत्याच्या घरी बसली होती. आमच्याकडे जबलपुरात हे नाही, म्हणून सांगते. मातीची भुलाबाई आणि भुलोजी कोनाड्यात मांडतात आणि महिनाभर रोज संध्याकाळी मुली जमून टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. गाण्यांत सासर, माहेर, रुसवे. गाणी झाली की खिरापत. पण ती तशीच वाटत नाहीत. डबा झाकलेला असतो आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. डबा हलवायचा, कानाला लावायचा, गोड की तिखट, कोरडं की ओलं असं विचारत जायचं. ज्या घरची खिरापत त्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मी पाहिलं त्या दिवशी साध्या भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसाठी पाव तास भांडण चाललं होतं. इतक्या मुली इतक्या मनापासून प्रश्न विचारताना मी शाळेत कधी पाहिल्या नाहीत.

माझी तयारी मागच्या अंगणात चाले. भिंतीकडे तोंड करून मी निबंध पाठ म्हणे. तिथे रोज सकाळी गुंफाबाई येत. त्या माळीण, नदीकाठच्या मळ्यातून फुलं आणि भाजी आणून गल्लीत विकत. आत्याकडे पाटी टेकवून चहा पिण्याचा त्यांचा जुना शिरस्ता. दोन दिवस त्यांनी माझं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी आत्याला म्हणाल्या, "काकू, तुमची भाची भिताडासंगं काय भांडून राह्यली रोज? भिताड तं काही बोलत नाई बिचारं."

शुक्रवारी सकाळी वाचनालयाचे चिटणीस आले. सज्जन माणूस होता. टोपी काढून मांडीवर ठेवली, दोनदा चहा नको म्हणाले आणि मग घेतला. कार्यकारी मंडळाची सभा झाली होती. विषय उत्तम, लेखन उत्तम. फक्त दिवस तसे नव्हते. कुणीतरी कुणालातरी विचारलं होतं आणि वरून काही आलं नव्हतं, पण न आलेलंही बरं नसतं.

"त्यांचा राजा वेगळा, आपला वेगळा, हे आम्ही जाणतो," ते म्हणाले. "पण शेवटी राजा तो राजाच. ताईंनी गृहव्यवस्था किंवा बालसंगोपन घेतलं, तर उद्याच सभा ठेवू."

आतोबा "हं" म्हणाले. मी "नको" म्हणाले. चिटणीस गेल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. सुटल्यासारखं वाटलं. आता उभं राहायला नको, कुणाकडे पाहायला नको. मी आत जाऊन ट्रंकेत निबंध ठेवला आणि तेव्हा बाईंची आठवण झाली. त्या उद्या येणार होत्या. त्यांना आता पत्र पोहोचलं नसतं. त्या येणार, व्याख्यान नाही म्हणून कळणार, आणि माझ्याबद्दल त्यांच्याजवळ असणार फक्त अमरावतीचं ते अर्धं इंग्रजी वाक्य. मग जबलपूर, आणि टेबलाचा खण.

आत्याला मी यातलं काही बोलले नव्हते. पण मी दुपारी जेवले नाही तेव्हा तिने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, फोटोचंही. गुंफाबाई तिथेच शेवंतीचे देठ खुडत बसल्या होत्या.

"मंग घरीच सांग ना," आत्या म्हणाली. "उद्या संध्याकाळी पोरी जमतेच. बाईंलेही इथंच बोलावू."

आतोबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या घरात राजद्रोहाचं व्याख्यान होणार नाही, पेन्शन आहे, असं ते स्पष्ट बोलले. त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

आत्या शांतपणे म्हणाली, "व्याख्यान कुठं हाय? खिरापत हाय. नाव झाकून सांगीन थे. मुलूख झाकून. कोन हाय थे पोरी ओळखतीन. नाई ओळखलं तं झाकन राहीन तसंच. मंग कोन्या राजाचा द्रोह झाला थे कोनी कसं सांगीन?"

आतोबांनी वर्तमानपत्र पुन्हा पुढ्यात ओढलं. मग त्यांनी भिंग उचललं. "हं," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्या 'हं'चा अर्थ कळला.

शनिवार संध्याकाळ

बाई आल्या तेव्हा गाणी चालू होती. वाचनालयाच्या दारातून त्यांना आतोबांनी स्वतः आणलं होतं. आत्याने त्यांना पाट दिला, हळदीकुंकू लावायला गेली आणि बाईंनी हात आडवा धरला. त्या विधवा होत्या हे मला तेव्हा कळलं. आत्याने करंडा खाली ठेवला आणि काहीच न झाल्यासारखं त्यांच्या हातात शेवंतीचं फूल दिलं. बाईंनी ते वासासाठी नाकाशी नेलं. मुली पंधराएक होत्या, त्यांच्या आया मागे भिंतीला टेकून, आणि गुंफाबाई उंबरठ्याच्या आतल्या बाजूला.

गाणी संपली. आत्याने डबा पुढे ठेवला आणि सांगितलं, आज दोन खिरापती आहेत. एक डब्यात, एक माझ्या भाचीजवळ. आधी तिची.

मी उभी राहणार होते, पण सगळ्या जमिनीवर बसलेल्या. मग मीही बसले. निबंध ट्रंकेतच होता. बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज इतका लहान आला की मागून कुणीतरी "मोठ्यानं वो माय" म्हणालं. मी भुलोजीच्या मातीच्या पागोट्याकडे पाहून सांगायला लागले. एका दूरच्या मुलखात मोठ्या घरी एक मुलगा जन्मला. आई आजारी. तीन वर्षांचा होण्याआधी बाप गेला, आणि पुढे नऊ वर्षांचा असताना आईही गेली.

"थांब जराशी," गुंफाबाई म्हणाल्या. "माय बिमार, मंग पोराले पाजलं कोनं?"

हे निबंधात होतं. पहिल्या पानावरच होतं. वडिलांनी त्यावर लाल रेघ मारून कडेला 'मुद्द्याला धरून नाही' असं लिहिलं होतं. म्हणून मी ते पाठ केलं नव्हतं. मी सांगितलं, त्यांच्या शेतावर राबणारी एक काळी बाई होती, तिने पाजलं आणि वाढवलं. ती नोकर नव्हती. माणसं विकत घ्यायचे तिकडे, तशी घेतलेली होती.

मागच्या बायकांत चुळबुळ झाली आणि दोघी-तिघी पुढे सरकून बसल्या. तिथून पुढे मला भुलोजीकडे पाहावं लागलं नाही.

मी सांगत गेले. त्याने लग्न केलं आणि वर्षाच्या आत तापाने बायको गेली. पुन्हा लग्न न करण्याचं त्याने ठरवलं. एका परक्या शहरातल्या टेकडीवर आपल्या मास्तरासमोर शपथ घेतली की आपला मुलूख मोकळा केल्याशिवाय विसावा घेणार नाही. हरला, पळाला, पुन्हा उभा राहिला. एका बेटावर लपलेला असताना नोकराने पैसे खाऊन अंधारात त्याच्या झोपायच्या टांगत्या झोळीतल्या माणसाला भोसकलं, पण त्या दिवशी झोळीत दुसराच कुणी झोपला होता. इथे मुलींनी एकमेकींचे हात धरले. डोंगर आले तेव्हा मी घोड्यांचं सांगितलं.

मधेमधे ओळखणं चालूच होतं. कुणी आपल्या महाराजांचं नाव घेतलं. मी नाही म्हटलं. एक मुलगी म्हणाली, कुणीतरी साधू झालेला राजा. नाही. एकीने आपल्या आजोळच्या कुठल्यातरी देशमुखांचं नाव सुचवलं, त्यांनीही लग्न केलं नव्हतं म्हणे. त्यांच्या लग्न न करण्याचं कारण निराळं आहे, असं मागून तिच्याच आईने सांगितलं, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

मग मी त्याला मारायला आलेल्यांपासून वाचवणाऱ्या बाईपाशी आले. तिने त्याला खिडकीतून खाली उतरवलं आणि मारेकऱ्यांना दारात एकटीने थोपवलं. त्या दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, हे मी गाळलं.

"थे कोन त्याची?" गुंफाबाईंनी विचारलं.

"ओळखीची होती," मी म्हणाले.

"लय ओळखीची दिसते," गुंफाबाई म्हणाल्या, आणि माझे कान तापले. बाईंनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला मान खाली घालता यावी, म्हणून तो काढला असावा.

शेवट मी थोडक्यात सांगितला. सगळे मुलूख सुटले आणि मग आपापसांत भांडले. ज्यांना त्याने मोकळं केलं त्यांनीच त्याला जा म्हटलं. मेला तेव्हा अंगातला सदरा फाटका होता, पुरायला दुसऱ्याचा आणावा लागला. जन्मला तेव्हा मुलखातल्या श्रीमंतांत त्याचं घर होतं.

कुणालाच ओळखता आलं नाही. मुली "सांगा, सांगा" करू लागल्या. आतोबा ओसरीवर खाकरले. तेवढ्यात गुंफाबाई म्हणाल्या, "त्याचं राहू द्या. थे दाई, तिचं काय झालं?"

मी सांगितलं, त्याने तिला मोकळं केलं. जिंकून गावात शिरला तेव्हा गर्दीत ती दिसली, तर घोड्यावरून उतरून तिच्याकडे गेला, असं सांगतात. ती आपली आई आहे, तिला काय हवं ते द्या, असं त्याने आपल्या बहिणीला लिहिलं होतं.

"मंग नाव काय तिचं?"

मी तोंड उघडलं. त्याच्या सेनापतींची नावं मला पाठ होती. लढाया, शहरं, नद्या, सगळं क्रमाने. हिचं नाव नव्हतं. बाई माझ्याकडे पाहत होत्या. काहीतरी परदेशी नाव ठोकून दिलं असतं तर त्या खोलीत कुणालाच कळलं नसतं. बाईंनाही नाही. हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "पुस्तकात आहे. पाहून सांगते."

पंधरा मुली, त्यांच्या आया आणि बाई अशा सगळ्यांसमोर मी उठले, आत गेले, ट्रंक उघडली आणि कंदिलाशी बसून पानं उलटली. तिचं नाव एका ओळीत होतं. मी त्या पानात बोट घालून पुस्तक बाहेर आणलं आणि नाव वाचून दाखवलं. गुंफाबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी ते वऱ्हाडी झालं होतं. मुलींनीही म्हटलं.

"मंग हे खिरापत," गुंफाबाई म्हणाल्या. "झाली उघडी. आता थो डबा खोला, भूक लागली."

डब्यात तिखट भाजणीच्या पुऱ्या होत्या. त्या मात्र सगळ्यात लहान मुलीने वासावरूनच ओळखल्या.

बाई निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत गेले. अंधार पडू लागला होता, टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्या म्हणाल्या, "त्या पुढाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे. बायको गेली तिथेच ओळखलं." मग चपला घालताना, माझ्याकडे न पाहता, "वर्गात रोज असं काहीतरी विचारतात जे आपल्याला येत नाही. आधीच्या बाई ते ठोकून द्यायच्या. सोमवारी पत्र टाकते. दिवाळीनंतर रुजू व्हा. आणि मराठी सुधारा, 'मुलूख सुटले' म्हणालात ते चालेल, पण उच्चार फार हिंदी आहेत."

मी "हो" म्हणाले. एवढंच म्हणाले.

जबलपूर

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. आत्याने भाजणी दिली होती, ती सांडली. गुंफाबाईंनी दिलेल्या शेवंतीचा इटारसीपर्यंत वास येत होता.

वडिलांनी बाईंचं पत्र उभ्याउभ्याच वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. मग टेबलाचा खण ओढून त्यात ते ठेवलं आणि तिथला फोटो काढून पाकिटात घातला, परत पाठवण्यासाठी.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, निबंध कसा वाचलास? मी वाचला नाही म्हणून सांगितलं, आणि काय झालं तेही, माझ्या मानाने बरंच. ते ऐकत होते. भाताचा घास हातातच राहिला होता.

"दाईचं मी खोडलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"काय गं नाव होतं तिचं? वाचलं होतं मी तेव्हा."

पुस्तक शेजारच्याच खोलीत होतं. मी उठले नाही. "ओळखा," म्हणाले.

माझे वडील घरात पुस्तकी मराठी बोलतात. वऱ्हाडी बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी घास ताटात परत ठेवला, माझ्याकडे जरा वाकले, आणि बहिणीच्या भुलाबाईच्या दाराबाहेर खिरापतीसाठी थांबलेला मुलगा विचारील तसं विचारलं, "गोड हाय का तिखट?"